फडावरची मराठी

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने वर्षभरातल्या पुस्तकांचा धांडोळा घ्यावा, नव्या कादंबऱ्यांचे गुणदोष सांगावेत आणि जाता जाता एखाद्या लेखकाला चिमटाही काढावा, ही आपली जुनी चाल आहे. ती मोडण्याचा माझा विचार नाही. मात्र पुस्तकांकडे वळण्याआधी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवते, आणि त्या प्रश्नाच्या उजेडात काही जुनी पुस्तके पुन्हा चाळून पाहते. प्रश्न असा: पोटासाठी घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसांची मुले आपली भाषा कशी राखतात? ती राखायला त्यांना कोण हात देतो? आणि आपल्या साहित्याने व आपल्या शाळेने या मुलांचे बोलणे कधी कान देऊन ऐकले आहे काय?

फराळाच्या ताटाशी बसून हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात दिवाळी ही जशी घरी येण्याची वेळ, तशीच घर सोडण्याचीही वेळ आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या याच सुमारास निघतात. काहींच्या आकाशकंदिलाची वात विझण्याआधीच दाराला कुलूप लागते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मग ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी, भांडी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्यांच्या वर पोरेबाळे. जायचे ते सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत. कित्येकांना त्याही पलीकडे, कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटच्या बाजूला. परत यायचे ते गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला गाभाच या मुलांच्या वाट्याला येत नाही.

परमुलूख म्हटला की आजच्या सुशिक्षित घरांत मात्र पहिली आठवण अमेरिकेची होते. ते साहजिकच आहे. आजीला नातवाशी बोलायचे असते, नातवाला मराठी कळते पण बोलता येत नाही, आणि फोनच्या पडद्यावर दोघेही एकमेकांकडे हसून पाहत राहतात. या दुःखावर तिकडच्या मराठी माणसांनी उपाय शोधले, आणि ते शोधताना आळस केला नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. गावोगावच्या मंडळांतून तिकडे सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात; त्यांच्यासाठी अभ्यासक्रम ठरवला गेला, भारती विद्यापीठाच्या साहाय्याने परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या. आठवडाभर नोकरी करून थकलेली आई सुटीच्या दिवशी दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवते, या गोष्टीला मी मनापासून मान देते.

त्याहून जुने उदाहरण मॉरिशसचे. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतून जी माणसे त्या बेटावर गेली ती काही पदव्या घेऊन गेली नव्हती. करारावर मजुरी करायला गेली होती, आणि ती मजुरीही मुख्यतः उसाच्या मळ्यांतली. आज तिथल्या पुष्कळ मराठी घरांत रोजचे बोलणे क्रिओल भाषेत चालते. तरीही मराठी तिथून पुसली गेली नाही. भजनांत, गणेश चतुर्थीत ती टिकली, आणि पुढे सरकारी शाळांतून शिकवली जाऊ लागली. १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिच्या अध्यापनाची सोय झाली. ऊस तोडायला गेलेल्या माणसांच्या पणतवंडांना सरकारी शाळेत मराठीचे पुस्तक मिळते, हे वाचून मला जितका आनंद झाला तितकीच रुखरुख लागली. कारण ऊस तोडायला गेलेल्यांची मुले माझ्याही वर्गात आहेत.

या साऱ्या प्रयत्नांतून एक साधे सूत्र हाती लागते. भाषा नुसत्या प्रेमाने टिकत नाही. तिला चार गोष्टी लागतात: ठरलेली वेळ, बरोबरीची मुले, हातात धरायला पुस्तक, आणि 'आज काय वाचलेस?' असे विचारणारे एक माणूस. जिथे या चार गोष्टी जमल्या तिथे समुद्रापलीकडेही मराठी तगली. परदेशातल्या शाळांवर माझा एक आक्षेपही आहे, तो सांगून टाकते. तिथली मराठी पुष्कळदा सणासुदीची होते. मुलाला मोदक, रांगोळी, शिवाजी महाराज हे शब्द येतात. पण रुसायचे कसे, भांडायचे कसे, भीती वाटली तर काय म्हणायचे, ते मराठीत येत नाही. ठेवणीतले लुगडे घडी घालून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते खरे, पण घडीवरच विरते. भाषेचेही तसेच आहे. तिला रोजची धूळ लागावी लागते.

आता आमच्या फडावरच्या मुलाकडे पाहू. त्याच्यापाशी रोजची भाषा भरपूर आहे. फड, कोपी, मोळी, वाढे, पाचट, टायरगाडी, चिठ्ठी, खाडा असे कितीतरी शब्द त्याच्या जिभेवर असतात. त्यांतले निम्मे शिक्षकाला समजावून घ्यावे लागतात. मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, टनाला काय भाव, उचलीतून किती फिटले, हे गणित तो घरातल्या बोलण्यातूनच शिकतो. त्याच्यापाशी ज्या चार गोष्टी नाहीत त्या वर सांगितलेल्याच. वेळ ठरलेली नाही, कारण गाडी भरायला पहाटे तीनला उठावे लागते. बरोबरीची मुले असतात, पण थोरली बहीण धाकट्याला सांभाळत कोपीपाशी अडकलेली. पुस्तक पेटीच्या तळाशी. आणि विचारणारे माणूस शेकडो मैल मागे राहिलेले.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. 'जनार्थ'सारख्या संस्थांनी त्या निष्ठेने चालवल्या. पुढे २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि प्रत्येक मुलाला नेहमीच्या शाळेतच बसवावे हे धोरण ठरले. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि त्यावर त्याला जाईल त्या गावच्या शाळेत घ्यावे, अशी सोय झाली. जी मुले मागे राहू शकतात त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आली. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. कागद वाईट नाहीत. पण हमी पत्रक घेऊन सांगलीच्या शाळेत गेलेल्या मुलाला निदान फळ्यावरचे अक्षर ओळखीचे असते. सीमा ओलांडलेल्या मुलाचे काय?

तिथे फळ्यावर कानडी असते. निपाणीच्या किंवा बेळगावच्या आसपास फड लागला तर एखादी मराठी शाळा जवळ असण्याचा संभव आहे. जमखंडी-मुधोळच्या बाजूला लागला तर तीही आशा नको. वास्तविक भाषावार प्रांतरचना झाली त्याच वर्षी, १९५६ साली, राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने सोय करावी, असे ते सांगते. पण हा विचार करताना डोळ्यांपुढे होती ती स्थिर घरे. सहा महिन्यांचा पाहुणा हा कोणत्याच राज्याचा अल्पसंख्य ठरत नाही. कर्नाटकाच्या दृष्टीने तो महाराष्ट्राचा, महाराष्ट्राच्या दृष्टीने तो गैरहजर.

एप्रिलमध्ये तो परत येतो तेव्हा काय घडते ते मी पाहिले आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. पाच महिने कर्नाटकात राहून आलेली. मी मुलांना 'ऊस' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. म्हटले, हिला तरी हा विषय सोपा जाईल. तिने तीन ओळी लिहिल्या. ऊस गोड असतो. उसापासून साखर होते. मला ऊस आवडतो. मग मी वही बाजूला ठेवून तिला नुसते बोलायला सांगितले. ती अर्धा तास बोलली. कोणत्या उसाची पाने हात कापतात, रात्री फडात डुक्कर आले की कसे ओरडायचे, पाचट पेटवले की ससे कुठून पळतात, तिथल्या बायका उसाला 'कब्बु' म्हणतात आणि पाण्याला 'नीरु', हे सगळे तिने हातवारे करून सांगितले. सारा वर्ग तोंडात बोट घालून ऐकत होता. मला त्या दिवशी कळले की या मुलीची मराठी हरवलेली नाही. तिची मराठी वहीत शिरत नाही. तोंडातली भाषा आणि वहीतली भाषा यांच्यामध्ये जी भिंत आहे तिला दार ठेवणे हे शिक्षकाचे काम, आणि लेखकाचेही.

ही भिंत आमच्या मुलखाला नवी नाही. आज सत्तरीपुढे गेलेल्यांच्या आईबापांनी ती आपल्याच गावात बसून अनुभवली. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातला शेतकरी मराठी बोले, पण कचेरीची भाषा उर्दू होती आणि वरच्या वर्गांतल्या शिक्षणाचे माध्यमही उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या प्रजेला त्यात आपली भाषा दारातच ठेवून आत जावे लागे. अशा काळात आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परगा या आडगावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी ही तिच्या मुळाशी असलेली नावे. स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सर्वांना माहीत झाले. पण त्याआधी ते या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला तो हिप्परग्यालाच.

त्या शाळेपाशी पैसा नव्हता, सरकारची कृपा तर नव्हतीच. तरी तिथे वर सांगितलेल्या चारही गोष्टी होत्या: वेळ, सोबती, पुस्तक आणि विचारणारे माणूस. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, मराठीचे राज्य आले. ज्या जिल्ह्याने एवढे सोसून आपली भाषा राखली, त्या जिल्ह्याच्या मुलांनी आज सीमेपलीकडच्या फडात निरक्षर व्हावे, ही गोष्ट मला टोचते. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यापासून गावोगाव एकच चांगले, स्वस्त पुस्तक पोचू लागले. हे फार मोठे काम झाले. पण पुस्तक गावात पोचले आणि मूल गावात नाही, अशी ही गत आहे.

आता साहित्याकडे वळते. विस्थापित मुलाचे शिक्षण हा विषय मराठीत नाही असे मुळीच नाही. उलट मराठीतली काही अत्यंत मोलाची आत्मकथने याच विषयाची आहेत, आणि आपण ती त्या दृष्टीने पुरती वाचली नाहीत, अशी माझी तक्रार आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव टोपल्या विणत हिंडणारे कैकाडी कुटुंब, आणि पोराला शाळेत घालण्याचा हट्ट धरणारा बाप. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ सालचे. त्यांचे गाव धनेगाव. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा निघाला, त्यामुळे गायकवाडांचे बालपण ज्या जिल्ह्यात गेले तो तेव्हाचा आमचा उस्मानाबाद जिल्हाच. त्यात एक विलक्षण प्रसंग आहे. वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारीची साथ लागते आणि माणसे म्हणतात, हा लक्ष्या शाळेत जायला लागला म्हणून हे झाले!

ही पुस्तके आली तेव्हा आपण टीकाकारांनी काय केले? आपण दारिद्र्याने हादरलो, जातपंचायतीने चकित झालो, लेखकांच्या धाडसाचे कौतुक केले. ते सारे योग्यच होते. पण या पुस्तकांच्या पोटात भाषेची जी गोष्ट दडली आहे ती आपण ओझरतीच पाहिली. कैकाड्यांची बोली द्राविडी कुळातली, तमिळशी नाते सांगणारी. म्हणजे त्या मुलाला शाळेत दोन परक्या गोष्टींना तोंड द्यावे लागले: आईच्या भाषेपेक्षा वेगळी मराठी, आणि गावच्या मराठीपेक्षा वेगळी पुस्तकातली मराठी. तो मुलगा दोन उंबरठे ओलांडून आला आणि मराठीला एक श्रेष्ठ पुस्तक देऊन गेला. आपण त्याला मराठीचा लेखक म्हणून मिरवले. पण त्याच्या आईच्या भाषेचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले?

याउलट रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ सालची कादंबरी पाहा. बोराडेही आमच्याच भागातले, काटगावचे. ही सगळी कथा एका खेड्यातल्या शिंप्याची बायको आपल्या तोंडाने सांगते, आणि ती आमच्या मराठवाडी बोलीत सांगते. कुठे शब्दाला टोपी घातलेली नाही, कुठे वाचकाची क्षमा मागितलेली नाही. एका न शिकलेल्या बाईच्या जिभेवरची भाषा संपूर्ण कादंबरीचे वजन पेलू शकते, हे त्या लहानशा पुस्तकाने सिद्ध केले. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने अर्धा तास जे सांगितले त्याचे नाते 'ऊस गोड असतो' या वाक्याशी नाही. ते 'पाचोळ्या'शी आहे. शाळेने जर ते नाते ओळखले, तर वहीची भिंत निम्मी तरी पडेल.

आणि इथेच आजच्या कथालेखकांना चिमटा काढण्याची वेळ येते. ऊसतोड मजुराच्या मुलावर अलीकडे कथा पुष्कळ येतात. दिवाळी अंकांतही येतात. त्यांचा साचा आता पाठ झाला आहे. ट्रक निघतो, पोरगे दप्तर छातीशी धरून शाळेकडे पाहते, गुरुजींचे डोळे पाणावतात, कथा संपते. या कथांतले पोरगे बोलत नाही. बोललेच तर पाठ्यपुस्तकातल्या मुलासारखे शुद्ध बोलते, आणि तेही लेखकाला हवे तेवढेच. त्याला राग येत नाही, हसू येत नाही, मुकादमाची नक्कल करता येत नाही. फडावर तो नवे काय शिकला हे विचारण्याची लेखकाला गरज वाटत नाही, कारण तो तिथे फक्त गमावत असतो, असे लेखकाने आधीच ठरवलेले असते. करुणा ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याची कीव करायची त्याला मुके करणारी करुणा साहित्यात टिकत नाही, आणि वर्गातही उपयोगी पडत नाही.

वास्तविक हे मूल काही मिळवूनही येते. 'कब्बु' आणि 'नीरु' हे शब्द त्याने चुकून उचललेले नाहीत. शेजारच्या मुलांशी खेळता खेळता कमावलेले आहेत. उमरगा-अक्कलकोटच्या बाजूला दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. आपले तूप कानडीतून आले, अडकित्ताही तिकडचाच. आणि पंढरीच्या विठ्ठलाला तर आपले संत कानडा म्हणतात. तेव्हा परत आलेल्या मुलाच्या तोंडात चार कानडी शब्द ऐकून हसणे हा निव्वळ अडाणीपणा होय. त्या मुलाला फळ्याजवळ बोलवावे, ते शब्द लिहायला लावावे, बाकीच्यांना त्याच्याकडून शिकू द्यावे. ज्याच्याजवळ दोन शब्द आहेत त्याला 'मागे पडलेला' का म्हणावे?

पण मग हाच न्याय आपल्यालाही लागू होतो, आणि तो लावल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कर्नाटकाने आमच्या मुलांना मराठी शिकवावी, अमेरिकेत आमच्या नातवंडांनी मराठी बोलावी, असे आपण म्हणतो. मग आमच्या जिल्ह्यातल्या तांड्यावरचे मूल आईला 'याडी' म्हणत पहिलीत येते तेव्हा आपण काय करतो? त्याची गोरमाटी बोली बाहेर ठेवून यायला आपण त्याला सांगतो. जसे आपल्या आजोबांना निजामाच्या शाळेने सांगितले होते. पारध्याच्या, कैकाड्याच्या मुलाचे तेच. बंजारा मूल ऊसतोडीला कर्नाटकात गेले तर त्याची मातृभाषा गोरमाटी, शाळेची मराठी आणि फडाभोवतीची कानडी. तीन भाषांच्या मध्ये ते उभे असते आणि तिन्हींत त्याला अर्धवट ठरवले जाते. आपल्या भाषेसाठी दुसऱ्याकडे जे मागायचे ते दुसऱ्याच्या भाषेला आपल्या घरी द्यावे लागते. हा हिशेब चुकवून मराठीचा कैवार घेता येणार नाही.

मग करायचे काय? मोठ्या योजना मोठ्या माणसांनी कराव्यात. मी शिक्षकाला आणि गावाला जमतील अशाच गोष्टी सांगते. टोळी निघण्याआधी तिच्याबरोबर एक पुस्तकांची पिशवी द्यावी. प्रत्येक मुलाची वेगळी नको, टोळीची एक, म्हणजे ती हरवत नाही. टोळीत आठवी-नववी शिकलेले एखादे पोर किंवा नवी लग्न झालेली शिकलेली सून असतेच. रोज संध्याकाळी चुलीपाशी अर्धा तास मोठ्याने वाचण्याचे काम तिला सांगावे. आता बहुतेक टोळ्यांत फोन आहे. शिक्षकाने आठवड्यातून एकदा मुलांची नावे घेऊन चार वाक्ये बोलून पाठवावीत, आणि मुलांनी त्यांच्या भाषेत उत्तर पाठवावे. विचारणारे माणूस शेकडो मैल मागे असले तरी आवाज पोचतो. आणि मूल परतले की पहिले आठ दिवस त्याला लिहायला लावू नये, सांगायला लावावे. जे सांगेल ते शिक्षकाने फळ्यावर उतरवावे आणि तेच त्याला वाचायला द्यावे. आपल्या तोंडचे वाक्य फळ्यावर पाहिले की अक्षरांची भीती पळते, असा माझा अनुभव आहे.

यात नवे असे काही नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तल्या प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे; रोज रात्री माणसे जमली आणि एकाने गोष्ट सांगितली, एवढ्यावर ते पुस्तक उभे आहे. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्या गोळा केल्या तेव्हा त्यांची संख्या लाखावर गेली. गाणाऱ्या बायकांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. ज्या आयांच्या पोटी एवढे धन आहे त्यांच्या मुलांना भाषा नाही असे कोण म्हणेल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मांडव भरगच्च होता, ग्रंथदिंडी देखणी होती, आम्हां सर्वांना अभिमान वाटला. जानेवारी हा ऐन हंगाम. त्या तीन दिवसांतही जिल्ह्यातली कितीतरी मराठी मुले शेकडो मैलांवरच्या फडात मोळ्या मोजत होती. अभिजात भाषा म्हणजे जिची जुनी पोथी सापडते ती, हे खरेच. पण जिची उद्याची वही भरलेली असते तीच जिवंत भाषा. अमेरिकेतल्या नातवाला मराठी पुस्तक पाठवणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी या दिवाळीत तसेच एक पुस्तक आपल्या गावच्या टोळीबरोबरही द्यावे, एवढेच मागणे आहे. टोळ्या अजून पुरत्या निघालेल्या नाहीत.